पाच ओंब्या आणि वळीवड्याची छावणी



नोव्हेंबर लागला की आपल्या जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे धानाची कापणी चाललेली असते. भारे खळ्यावर गेले की रिकाम्या बांधीत उरतो तो सरवा, म्हणजे कापताना-बांधताना गळून पडलेल्या लोंब्या. आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी टोपली घेऊन सरवा वेचला असेल. ज्या घराला स्वतःची शेती नाही, त्या घरची म्हातारी आणि लेकरं दुसऱ्याच्या बांधीत जाऊन सरवा वेचतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. गळालेलं धान्य वेचणाऱ्याचं, असा आपला जुना रिवाज आहे.

आता अशी कल्पना करा, की एक दिवस सरकारनं कायदा केला. शेतात पडलेल्या लोंब्या उचलल्या तर गोळी घालू, नाहीतर दहा वर्षं तुरुंगात टाकू.

असा कायदा खरंच झाला होता. ७ ऑगस्ट १९३२ ला सोव्हिएत संघाच्या सरकारनं तो केला. युक्रेन तेव्हा त्या संघात होता आणि सत्ता मॉस्कोत स्टालिनच्या हाती होती. शेती सामुदायिक झाली होती, पीक सरकारचं झालं होतं. त्यातलं मूठभर धान्य घेणं म्हणजे सरकारी मालमत्तेची चोरी. लोकांनी या कायद्याला नाव दिलं, पाच ओंब्यांचा कायदा. कीव्ह शहरात आज या काळाचं स्मारक आहे. तिथं एका हडकुळ्या लहान मुलीचा पुतळा आहे, आणि तिनं छातीशी गव्हाच्या पाच ओंब्या धरल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, ताई, युक्रेन कुठं आणि भंडारा कुठं! मागं एका बचत गटाच्या बैठकीत एक मावशी मला हेच म्हणाली होती. पण तीच मावशी पुढं म्हणाली, "त्या लढाईनं तेलाचा पिपा महाग केला हो आमचा." तिचं खरं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर मोठा हल्ला केला. आपल्या देशात येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतेक त्या दोन देशांतून यायचं. ते थांबलं आणि सगळ्याच तेलांचे भाव चढले. लढाई आपल्या फोडणीपर्यंत आली.

पण आज मला तेलाच्या भावाबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते घराच्या आठवणीबद्दल. बायकांनी ती कशी सांभाळली, आणि ती सांभाळणं हीसुद्धा एक लढाई कशी असते, याबद्दल. या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरपर्यंत येतो. तिथं जाण्याआधी युक्रेनच्या त्या दुष्काळाकडे थोडं पाहू.

युक्रेनची जमीन काळी, आपल्या वऱ्हाडातल्या कपाशीच्या जमिनीसारखी. गहू असा पिकायचा की साऱ्या युरोपात त्याचं नाव होतं. अशा देशात १९३२-३३ साली लोक भुकेनं मेले. पाऊस पडला नाही म्हणून नाही, सरकारनं धान्य ओढून नेलं म्हणून. वसुलीचा आकडा इतका मोठा ठरवला की तो भरणं शक्यच नव्हतं. तो भरला नाही की माणसं घरात शिरायची. कोठ्या उपसायची, जमीन लोखंडी सळयांनी टोचून पुरलेलं धान्य शोधायची. काही गावांची नावं काळ्या यादीत घातली आणि तिथं मीठ, काडेपेटी, कापडसुद्धा जाऊ दिलं नाही. १९३३ च्या जानेवारीत शेतकऱ्यांना अन्न शोधायला युक्रेनबाहेर जायलाही बंदी केली. आणि त्याच वेळी तिथला गहू जहाजानं परदेशी विकला जात होता. इतिहासकारांच्या हिशेबानं युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लाख माणसं मेली. त्या काळाला तिथले लोक ‘होलोदोमोर’ म्हणतात. भुकेनं मारणं, असा त्याचा अर्थ.

यापुढची गोष्ट नीट ऐका. माणसं मेली ती मेली, पण ती मेली असं म्हणायचीही मनाई झाली. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारनं जनगणना केली. त्यात माणसं कमी भरली. तेव्हा सरकारनं जनगणनाच दडपली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं. शाळेच्या पुस्तकात दुष्काळाचा उल्लेख नाही, वर्तमानपत्रात नाही. जवळजवळ पन्नास वर्षं हा दुष्काळ सरकारी कागदावर झालाच नव्हता.

मग तो आज आपल्याला कळला कसा? काही कागद परदेशी पत्रकारांकडे आणि वकिलातींकडे होते, काही पुढं सरकारी कपाटांतून बाहेर आले. पण घराघरांत तो जिवंत ठेवला आज्यांनी. त्या उघड बोलत नव्हत्या, भीती होती. पण भाकरीचा तुकडा टाकू देत नव्हत्या. ताटातला चुरा बोटानं टिपून खायच्या. नातवंडांनी विचारलं तर म्हणायच्या, तुला नाही कळायचं. अशी न सांगितलेली आठवणही घरात राहतेच. पुढं १९९१ ला युक्रेन स्वतंत्र झाला आणि या म्हाताऱ्यांची तोंडं उघडली. आता दर वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी तिथं घराच्या खिडकीत मेणबत्ती लावतात. दिवाळीनंतर आपल्या पणत्या विझतात, त्याच सुमाराला.

आता कोल्हापूरकडे वळू.

कोल्हापूरहून मिरजेकडे रेल्वेनं निघालं की जवळच वळीवडे नावाचं गाव लागतं. १९४३ साली या गावाच्या माळावर बराकींच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं. आणि त्यांत राहायला आले सुमारे पाच हजार पोलिश लोक. त्यांत पुरुष फार थोडे. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. गोऱ्या रंगाची, पण राज्यकर्त्या इंग्रजांसारखा रुबाब नाही. अंगावर मिळालेले कपडे, सोबत गाठोडी. कोल्हापूरकरांना हे गोरे निर्वासित म्हणजे मोठं नवल होतं.

ही माणसं आली कुठून? सप्टेंबर १९३९ ला दुसरं महायुद्ध सुरू झालं. १ तारखेला जर्मनीनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला, आणि १७ तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. हिटलर आणि स्टालिन यांनी आधीच गुपचूप वाटणी ठरवली होती. पूर्वेचा जो भाग स्टालिननं घेतला, त्याचा मोठा हिस्सा आज युक्रेनमध्ये आहे. ल्विव्ह हे शहर, व्होलिनचा सुपीक प्रदेश, हा सगळा तोच मुलूख. वळीवड्याला आलेल्या बायका-पोरांपैकी पुष्कळजण याच मुलखातले.

१० फेब्रुवारी १९४० ची रात्र. कडाक्याची थंडी, सगळीकडे बर्फ. सोव्हिएत शिपायांनी हजारो घरांची दारं एकाच रात्री ठोठावली. पुरुषांना भिंतीशी उभं केलं, घराची झडती घेतली आणि सांगितलं, अर्ध्या तासात सामान बांधा. त्या रात्रीच्या आठवणी सांगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात हा अर्धा तास येतो.

मैत्रिणींनो, एक क्षण डोळे मिटा आणि विचार करा. अर्ध्या तासात तुम्ही काय घ्याल? तांदूळ, गोधडी, लेकराचं औषध, देव, जमिनीचा सातबारा? तिथल्या बायकांनी पिठाची पिशवी घेतली, उशा-रजया घेतल्या, कोणी शिवणयंत्र उचललं. ज्यांनी कपडे आणि भांडी घेतली त्या पुढं ती एकेक विकून लेकरांना जगवू शकल्या. भांबावून हाती लागेल ते घेऊन निघालेल्यांचे फार हाल झाले.

जनावरांच्या वाघिणींत माणसं कोंबली. मध्ये एक लोखंडी शेगडी, विधीसाठी जमिनीला भोक. दोन-दोन, तीन-तीन आठवडे गाडी चालली. वाटेत लहान मुलं दगावली, त्यांना पुरायलाही मिळालं नाही. उत्तरेच्या जंगलांत, सायबेरियात, कझाकस्तानच्या ओसाड माळावर नेऊन सोडलं. झाडं तोडायची, तेवढं काम झालं तर भाकरी. एप्रिलमध्ये दुसरी खेप गेली. तीत मुख्यतः अशा बायका आणि मुलं होती, ज्यांच्या घरचे पुरुष आधीच पकडले गेले होते. त्यानंतर आणखी दोन खेपा गेल्या. असे लाखो लोक हलवले गेले. त्यांत पोलिश होते तसे युक्रेनी आणि ज्यूही होते.

पकडलेल्या पुरुषांचं काय झालं? सुरुवातीला कैदेतल्या अधिकाऱ्यांची पत्रं घरी यायची. १९४० च्या वसंतात ती एकाएकी बंद झाली. बायका पत्रं लिहीत राहिल्या. उत्तर येईना. त्या वसंतात स्टालिनच्या हुकमानं सुमारे २२,००० पोलिश कैदी गोळ्या घालून मारले गेले होते. १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात त्यांच्यातल्या काहींची प्रेतं सापडली. सोव्हिएत सरकारनं सांगितलं, हे जर्मनांनी केलं. १३ एप्रिल १९९० पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, ते हेच सांगत राहिले. पण पत्र कोणत्या महिन्यात थांबलं, हे त्या बायकांना पाठ होतं. तो महिना जर्मनीनं रशियावर हल्ला करण्याच्या एक वर्ष आधीचा होता. बाईच्या मनात राहिलेली एक तारीख एवढ्या मोठ्या सरकारला खोटं ठरवायला पुरेशी होती.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला. तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि ऑगस्टमध्ये त्यानं या पोलिश लोकांना मोकळं केलं. सैन्य उभं राहत होतं दूर दक्षिणेला. तिकडे जायला बायका-मुलं मिळेल त्या गाडीनं, बोटीनं, पायी निघाली. उपास, टायफस आणि हगवण यांनी वाटेत फार माणसं गेली. आया मरत होत्या आणि मुलं अनाथ होत होती. १९४२ मध्ये दोन खेपांत एक लाखाहून अधिक माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. इराणमधून काही मुलं न्यूझीलंडला गेली, काही माणसं आफ्रिकेत, काही मेक्सिकोत. आणि काही हिंदुस्थानात आली.

गुजरातेत जामनगरजवळ बालाचडी इथं तिथले जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांना ठेवून घेतलं. मुलं त्यांना बापू म्हणत. सर्वांत मोठी वस्ती मात्र आपल्या कोल्हापूर संस्थानात, वळीवड्याला झाली.

या छावणीत त्या बायकांनी काय केलं? आधी शाळा काढल्या. पुस्तकं नव्हती तर हातानं लिहून काढली. लहानांची शाळा, मोठ्यांची शाळा, शिवणाचे वर्ग. एका बराकीत देऊळ म्हणजे चर्च. दवाखाना, नाटकघर, अनाथालय, मुलामुलींची स्काउट पथकं. दारापुढं फुलझाडं लावली. मुलं पंचगंगेवर पोहायला जायची. भाजीवाले, दूधवाले, कापडवाले कोल्हापूरहून आणि आसपासच्या गावांतून यायचे. घासाघीस करता करता त्यांनी पोलिश शब्द उचलले आणि त्या बायकांनी मराठी. कोणी आपला संसार कोल्हापुरातच थाटला. पोलंडहून आलेली एक मुलगी कोल्हापुरात लग्न करून तिथल्याच एका घराण्याची सून झाली आणि जन्मभर तिथंच राहिली.

शाळेवर एवढा जोर का? कारण त्यांचा देश नकाशावरून पुसला गेला होता. लेकरं भाषा विसरली तर पुसणाऱ्याचं काम पुरं झालं असतं. घरचे पुरुष तिकडे बंदूक घेऊन लढत होते. इटलीत मोंते कासिनोच्या डोंगरावर मे १९४४ मध्ये पोलिश सैन्यानं झेंडा लावला. त्याच डोंगरावर त्याआधी हिंदी पलटणी लढून रक्त सांडून गेल्या होत्या, आणि इटलीच्याच लढाईत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इकडे वळीवड्याच्या बराकीत आया लेकरांना बाराखडी शिकवत होत्या. दोन्ही लढायाच होत्या.

इथं मला एक गोष्ट लपवायची नाही. ज्या १९४३ साली वळीवड्यात या पाहुण्यांना आसरा मिळाला, त्याच साली बंगालमध्ये आपलीच सुमारे तीस लाख माणसं दुष्काळात मेली. तिथंही राज्य परक्यांचं होतं. छावणीचा खर्च पोलंडचं परागंदा सरकार देत होतं, म्हणजे आपल्या तोंडचा घास काढून त्यांना दिला असं नाही. पण दुसऱ्याच्या भुकेची गोष्ट सांगताना आपल्या भुकेची आठवण ठेवली पाहिजे.

आणि त्याच काळात आपल्या शेजारी काय चाललं होतं? ऑगस्ट १९४२. आपल्या तुमसरला गोळीबार झाला. १६ ऑगस्टला चिमूरला उठाव झाला. नंतर इंग्रजांची फौज गावात शिरली. पुरुष पकडले गेले किंवा रानात पळाले, आणि मागं राहिलेल्या बायकांवर शिपायांनी अत्याचार केले. सरकारनं ते नाकारलं. तिथल्या बातम्या छापायलाही मनाई केली. पण चिमूरच्या बायका बोलल्या. त्या काळात, तोंडावर पदर घेणाऱ्या बायकांनी, आपल्यावर काय झालं ते भेटायला आलेल्या कार्यकर्त्यांना सांगितलं. त्यासाठी केवढं धैर्य लागलं असेल, ते आपल्याला सांगायला नको. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी साठ दिवसांहून जास्त उपास केला. चिमूर आपल्यापासून किती दूर आहे? पवनीहून निघालं तर दोन-तीन तासांत पोचतो. कातिनच्या विधवा आणि चिमूरच्या आयाबाया एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. दोघींना आपापलं सरकार सांगत होतं, असं काही झालंच नाही.

युद्ध १९४५ ला संपलं. वळीवड्याच्या बायकांना वाटलं, आता घरी जाऊ. पण फेब्रुवारी १९४५ ला याल्टा गावी चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन बसले आणि त्यांनी पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाला देऊन टाकला. ज्या घरासाठी पाच वर्षं जीव धरला, ते घर आता दुसऱ्या देशात होतं. पोलंडच्या उरलेल्या भागातही मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार आलं. मग काहीजणी पोलंडला परतल्या, पुष्कळजणी इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेल्या. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

पण रिकामी राहिली नाही. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना सरकारनं तिथं वसवलं. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कापडाची मोठी बाजारपेठ आहे ती. तुमच्यातल्या कोणी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेल्या असाल आणि गांधीनगरात साड्या घेतल्या असतील, तर तुम्ही त्याच माळावर उभ्या होत्या. एकाच जमिनीनं घर हरवलेल्या माणसांना दोनदा पोटाशी घेतलं.

वळीवड्याची मुलं म्हातारी झाली तरी विसरली नाहीत. त्यांनी इंग्लंडमध्ये आपला संघ काढला, एकेकीच्या आठवणी गोळा करून मोठं पुस्तक केलं, कोल्हापूरला परत येऊन त्या जागा पाहिल्या. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वळीवड्यातही २०१९ मध्ये स्तंभ उभा राहिला. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली.

आता २०२२ कडे परत येऊ. हल्ला झाला तेव्हा आपले हजारो विद्यार्थी युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होते. आपल्या विदर्भातलेही होते. आया-बाप रात्र रात्र फोन कानाला लावून बसले. बर्फातून चालत ती मुलं सीमेवर पोचली. सरकारनं ऑपरेशन गंगा चालवून २२,००० हून अधिक जणांना परत आणलं. त्यांतले पुष्कळजण पोलंडमार्गे आले. ज्या देशाच्या लेकरांना आपण कधी आसरा दिला होता, त्या देशानं आपल्या लेकरांसाठी व्हिसाची अट सोडली आणि दार उघडलं.

त्याच रस्त्यानं युक्रेनी बायका मुलं घेऊन निघाल्या होत्या. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला मनाई होती. म्हणजे पुन्हा तेच, बाई, लेकरं, गाठोडं आणि मागं राहिलेला नवरा. पहिल्या काही महिन्यांत पन्नास लाखांहून अधिक लोक देशाबाहेर पडले. पोलंडमधल्या लोकांनी त्यांना स्वतःच्या घरात घेतलं.

यात एक मोठी गोष्ट आहे. पोलिश आणि युक्रेनी यांच्यात जुनं वैर होतं. युद्धाआधी पोलंडच्या सरकारनं युक्रेनी लोकांच्या मुलखात आपल्या सैनिकांना जमिनी वाटल्या होत्या, त्यांच्या भाषेची गळचेपी केली होती. १९४३ मध्ये व्होलिनमध्ये युक्रेनी बंडखोरांनी पोलिश गावंच्या गावं कापून काढली. दोन्हीकडच्या आज्यांना दोन्हीकडचं दुःख आठवत होतं. तरीही दार ठोठावल्यावर नातवंडांनी दार उघडलं. आठवण ठेवणं म्हणजे सूड ठेवणं नव्हे, एवढं यातून कळतं.

आपल्याकडे अनेकांना वाटतं, रशिया तर आपला मित्र. तेही खोटं नाही. भिलाईचा पोलादाचा कारखाना त्यांच्याच मदतीनं उभा राहिला, आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. रशियाच्या सामान्य माणसानंही स्टालिनच्या राज्यात फार सोसलं. आपण एखाद्या देशाच्या माणसांना वाईट म्हणत नाही. पण मित्रानं शेजाऱ्याच्या घरात घुसून त्याची भिंत पाडली, तर ते चूक आहे असं म्हणायला मैत्री आड येऊ नये. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं रशियाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध वॉरंट काढलं, ते युक्रेनची मुलं बेकायदा उचलून नेल्याच्या आरोपावरून. १९४० च्या वाघिणींत बसवलेली मुलं ज्या घरांत अजून आठवतात, त्या घरांना ही बातमी नवी वाटली नसेल.

म्हणूनच आज तिथले लोक एवढ्या चिवटपणे का लढतात, हे मला समजतं ते नकाशावरून नाही, त्यांच्या आज्यांवरून. आजीनं भाकरीचा चुरा टिपताना जे सांगितलं नाही, ते नातवाला कळलेलं आहे. परक्याच्या हाती आपली कोठी गेली तर काय होतं, हे त्यांच्या घरात माहीत आहे.

मैत्रिणींनो, आपल्या घरांतही अशा गोष्टी आहेत. कोणाच्या आजीनं बेचाळीस साली घरात कोणाला लपवलं असेल. कोणाच्या सासूचं गाव गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलं असेल, आणि नव्या गावठाणात आल्यावर तिनं पहिली चूल कशी पेटवली हे तिला आठवत असेल. धरण आणि लढाई एक नाही, मला कल्पना आहे. पण सुटलेल्या घराची गोष्ट सांगायला कोणी विचारलं नाही तर ती सांगणारीबरोबर जाते, हे दोन्हीकडे सारखंच. सरकारी कागदावर किती हेक्टर गेलं आणि किती मोबदला दिला ते असतं. सांदवाडीतलं सीताफळाचं झाड त्या कागदावर नसतं.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, की दहा मिनिटं राखून ठेवा. गटातल्या सर्वांत वयस्क बाईला तीन गोष्टी विचारा. तुझ्या लहानपणी घरात सर्वांत कठीण वर्ष कोणतं गेलं? तेव्हा घर कोणी आणि कसं चालवलं? आणि तेव्हाची कोणती वस्तू अजून तुझ्याजवळ आहे? लिहिता येणारीनं ते जसंच्या तसं, तिच्याच बोलीत, रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहावं. मागं तारीख घालावी, गावाचं नाव घालावं. ती "माझ्याकडं काय सांगण्यासारखं आहे" असं म्हणेल. तरी बसून राहावं. थोड्या वेळानं ती बोलू लागते.

पाच ओंब्यांची गोष्ट सांगणारीही कोणी राणी नव्हती. शेतात सरवा वेचणारी, तुमच्या-माझ्यासारखीच बाई होती. तिला कोणीतरी विचारलं आणि तिनं सांगितलं, म्हणून आज भंडाऱ्यात बसून आपण ती ऐकतो आहोत.